उलटा सात

सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी लाल गाडी निळ्या गॅरेजसमोर येऊन थांबली आणि पाटीकाकांनी ती झेलली. या वाक्यातली वेळ सोडली तर बाकी सगळं चूक होतं. लाल गाडीचं गॅरेज दोन दारं पलीकडे होतं, काकांच्या अंगात निळा शर्ट होता, आणि ज्या निळ्या गाडीची वाट पाहत ते उभे होते ती, मालकांच्या भाच्याला पाठीवर घेऊन, ट्रॅकच्या पार मागच्या वळणावर कुठेतरी रांगत होती. पण हे हातांना कोण सांगणार. या मोसमात लाल टीमकडे गेलेला हा मोटरसायकलस्वार त्याआधी अकरा वर्षं चाळीस पावलं आधी इंजिन बंद करून असाच आवाज न करता घरंगळत यायचा आणि ती अकरा वर्षं काका त्याला असंच झेलायचे. डाव्या हाताने सीटचं शेपूट धरलं, उजव्या हाताने मागचा स्टँड चाकाखाली सरकवला, गाडी उचलली, टायर गरम ठेवायच्या दुलया ओढल्या. स्वाराने हेल्मेटची काच वर केली. सगळ्यांत वेगवान म्हणून लोक त्याला गोगलगाय म्हणत, आणि त्यालाही ते इतकं आवडे, की हेल्मेटच्या मागच्या बाजूला त्याने एक पिवळी गोगलगाय रंगवून घेतली होती. नेहमीसारखं कुणाकडेच न बघता तो म्हणाला, "काका, पुढचं हलतंय जरा. ब्रेक धरला की."

"बघतो," काका म्हणाले आणि खरंच वाकून बघायला लागले.

अकराव्या सेकंदाला कुणीतरी हसलं. मग सगळी रांगच हसली. चुकून दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसलेल्या मुलाला न्यायला यावं तसे दोन लाल शर्ट आले, दुलया सोडून काकांच्या हातात दिल्या आणि गाडी ढकलत घेऊन गेले. गोगलगायने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "सवय, काका." एवढंच म्हणाला आणि हेल्मेट न काढता गेला. हेल्मेटच्या आत माणूस हसतोय की काय करतोय हे काकांना एरवी खांद्यांवरून कळे. आज कळलं नाही. हसली नाही ती एकच व्यक्ती, गॅरेजच्या दाराशी हातात टॅब घेऊन उभ्या असलेल्या खर्चवाल्या बाई. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं.

खर्चवाल्या बाईंना खर्चवाल्या म्हणणं तसं अन्यायाचं होतं, कारण खर्च करणं सोडून बाकी सगळं त्यांचं काम होतं. टीम नव्या मालकांनी घेतल्यापासून त्या तीन आठवडे इथे होत्या. बोलायला मऊ, चहा स्वतःचा स्वतः आणायच्या, आणि प्रत्येकाला एकेकटं बोलावून एकच प्रश्न विचारायच्या: "तुम्ही नसाल तर काय होईल?" ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, ट्रक इथेच राहील. त्याचं तिथल्या तिथे पक्कं झालं. काकांनी उत्तराला चार दिवस मागून घेतले. चार दिवस ते दाढी करताना, बसमध्ये, नळाखाली हात धुताना स्वतः नसण्याची कल्पना करत राहिले आणि प्रत्येक वेळी त्यांना दिसलं, की गॅरेज अगदी तसंच चाललंय, फक्त कोपऱ्यात दुलयांच्या घड्या जरा वाकड्या आहेत. शेवटी ते म्हणाले, "पाटी कोण धरणार?" म्हणजे शर्यत चालू असताना ट्रॅकच्या कडेच्या भिंतीवर उभं राहून, गाडी समोरून जाते त्या दीड सेकंदात, काळ्या फळीवर आकड्यांच्या पट्ट्या लावून स्वाराला सांगायचं की तू कितवा आहेस, पुढचा किती लांब आहे, किती फेऱ्या उरल्यात. बाई म्हणाल्या, "पण ते सगळं आता गाडीच्या पडद्यावर दिसतं ना?" काका म्हणाले, "पडद्यावर मी दिसत नाही." बाईंनी हेही लिहून घेतलं. कोणत्या अर्थाने, ते कळायला मार्ग नव्हता. अकरा माणसांची आठ करायची होती, आणि यादी आज दुपारी दोन वाजता लागणार होती.

टीम बदलली असं लोक म्हणतात, तेव्हा नेमकं काय बदलतं हे काकांना बावीस वर्षांत कळलेलं नव्हतं. त्यांच्या मते शर्ट बदलत. पहिला शर्ट रंगाच्या कंपनीचा होता, तो धुतला की रंग जाई. मग विमा कंपनी आली, तिने पहिल्याच मोसमात सगळ्यांचा विमा उतरवला आणि दुसऱ्या मोसमात टीमच उतरवली. मग च्युइंगगम, मग केसांचं तेल. त्या वर्षी टीममधल्या चौघांना टक्कल होतं आणि त्यांना फोटोत मागे उभं करत. आता गाद्या. गाडीवर फिकट निळा रंग, टाकीवर झोपलेला ढग, आणि गॅरेजच्या मागच्या खोलीत, टायरांच्या चळतींशेजारी, कंपनीने प्रेमाने पाठवलेल्या दोन गाद्या. गॅरेजमध्ये खरोखर झोपलेल्या माणसाचा फोटो जाहिरातीला हवा होता. फोटोवाला तीन दिवस दाराशी बसून होता. कुणाला झोप येत नव्हती. अकरातले तीन कोण, हे ठरायचं असताना गादी कितीही चांगली असली तरी उपयोग नसतो, हे कंपनीच्या कुठल्या तपासणीत आलं नसावं. ताशी तीनशे किलोमीटरने पळणाऱ्या गाडीवर झोपलेला ढग कशाला, असंही काकांनी एकदा विचारलं होतं. मालकांचा भाचा म्हणाला, "विरोधाभास." त्याच्या वळणावरच्या वेगात मात्र काही विरोधाभास नव्हता, तो ढगासारखाच जायचा. त्याच्याबरोबर कंपनी आली होती आणि गोगलगायला लागणारे पैसे वाचले होते, म्हणजे एका सहीत दोन कामं झाली. असं हल्ली सगळीकडेच होत होतं.

टीम सोडायच्या आधी गोगलगाय सांगायला घरी आला होता. लाल टीमने त्याला सांगितलं होतं, येताना बरोबर एक माणूस आण. एकच. त्याने गाडीतून निघणारे आकडे वाचणारा चष्मेवाला नेला, आणि ते बरोबरच होतं, काकांनीही तोच नेला असता. पण तो घरी आला आणि सोफ्याच्या टोकावर बसून चाळीस मिनिटं बुटांवर बोलला. नवीन बुटांचा घोटा कसा घट्ट आहे, उजवा जास्त घट्ट आहे, सैल होईल, पण कधी होईल. काका हो हो म्हणत राहिले. तो गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, तो सांगायला आला होता आणि तुम्ही त्याला बुटांवर बोलू दिलंत."

"सांगून काय झालं असतं?"

"त्याचं ओझं उतरलं असतं."

"आणि माझं?"

"तुमचं चढलं असतं. पण एकाचं तरी भलं झालं असतं. आता दोघं घेऊन फिरा."

आणि तो फिरत होता की नाही माहीत नाही, काका मात्र फिरत होते. आजही, सकाळच्या त्या अकरा सेकंदांनंतर, ते निळ्या गाडीच्या दुलया घडी करत होते आणि तळहातावर लाल गाडीची ऊब बसून होती. स्वतःच्या घरात चुकून दुसऱ्याचा चष्मा लावावा आणि त्यातून नीट दिसावं, तसं काहीतरी विचित्र सुख त्या उबेत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. दीड वाजता बायकोचा फोन आला. "लागली का यादी?" "दोनला." "जेवलात?" "हो." "म्हणजे नाही. निदान पडा जरा. एवढ्या गाद्या आल्यात म्हणता." काका मागच्या खोलीत गेले. फोटोवाला जेवायला गेला होता. बूट काढून ते कडेच्या गादीवर आडवे झाले, अगदी काठावर, सांडू नये अशा बेताने.

गादी खरंच चांगली होती. ती अंगाखाली हळूहळू खाली जात राहिली, की काकाच खाली जात होते, सांगता येणार नाही. टायरांच्या रबराचा गरम वास हळूच उलटा होऊन थंड झाला आणि तो नेलपॉलिशचा वास निघाला. ती पहिली वर्षं होती. टीमकडे पैसे नव्हते, आणि घट्ट केलेला बोल्ट मागाहून हलला तर कळावं म्हणून त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाची एक रेघ ओढतात, त्यासाठीची कांडीही नव्हती. काकांनी बायकोची पिवळी बाटली आणली. लग्नात कुणीतरी दिलेली. पिवळं नेलपॉलिश लावायचं धाडस तिने कधी केलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ब्रेकचे दोन्ही कॅलिपर मांडले होते, म्हणजे चाकाची चकती चिमटीत धरणारे ते जबडे, आणि ती दिव्याखाली वाकून, जीभ दातांत धरून, एकेका बोल्टवर रेघ ओढत होती. "माझ्या नखांना आयुष्यात एवढं जपून लावलं नाही मी." रेघ सरळ हवी. बोल्ट हलला की रेघ तुटते, तुटली की माणसाला दिसते. एवढंच त्या रेघेचं काम. तिचा चेहरा दिव्याच्या उजेडात होता, की उजेडच तिचा चेहरा होता; आणि तिने बोट लावून दाखवलं, इथे बघा, ही बघा तुटली. काका वाकून बघू लागले. कॅलिपर लाल गाडीचा होता. खालच्या बोल्टवरची रेघ अर्धी बोल्टवर होती, अर्धी धातूवर, आणि दोघींची भेट होत नव्हती.

काका उठून बसले. खरंच पाहिलं होतं का? वाकले होते, तेवढं नक्की. डोळ्यांनी पाहिलं असेल आणि त्याच क्षणी हसू फुटलं, म्हणून पाहिलेलं आत जायच्या ऐवजी दाराशीच थांबलं असेल. किंवा काहीच पाहिलं नसेल, आणि गादीने हे सगळं घडवलं असेल; माणसाला स्वप्नं पडावीत म्हणून ते लोक तिच्यात काय काय भरतात. किंवा लाल टीमची रेघ ओढायची पद्धतच तशी असेल, तुटक. प्रत्येक घराची पद्धत असते. पण लाल टीमनेही या मोसमात माणसं कमी केली होती, हे काकांना माहीत होतं. पुढच्या चाकाचा माणूस काढून त्याचं काम दोघांत वाटून दिलं होतं. काम दोघांत वाटलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केलं असेल. काकांच्या घरात गॅस बंद करायचं काम असं वाटलेलं होतं. आणि दहा सतरापासून ती गाडी उभीच होती, संगणक जोडून, आतलं काहीतरी बदलत. बोल्टला संगणक जोडता येत नाही.

हे सगळं मनात चालू असताना बाहेर इंजिन सुरू झालं. बावीस गाड्यांतून तो हात त्यांनी ओळखला असता. सुरू झाल्यावर दोनदा हलकेच गुरगुरवायची त्याची खोड होती, दारावर टकटक करावी तशी. काका बुटांत पाय कोंबून, नाड्या न बांधता, बाहेर आले तोवर लाल गाडी गॅरेजांसमोरच्या पिट लेनच्या टोकाला पोचली होती. सरावातली वीस फेऱ्यांची लांब धाव होती. पहिल्या दोन-तीन टायर तापायला सावकाश, मग पूर्ण वेगात. सरळ रस्त्याच्या शेवटी तीनशेवरून ऐंशीवर यायचं असतं. ब्रेक धरला की हलतंय, तो म्हणाला होता. आणि आपण म्हणालो होतो, बघतो.

लाल गॅरेजच्या उंबऱ्यावर काका थांबले. आत जाता येत नाही. तसा कागदच सही करून घेतला होता, दुसऱ्या टीमला कोणतीही माहिती, खूण किंवा सल्ला देणार नाही, दिल्यास त्याच दिवशी काम संपलं असं समजावं. चष्मेवाला पडद्यासमोर बसला होता. सात वर्षं काकांच्या डब्यातलं लोणचं त्याने न विचारता घेतलं होतं. त्याने मान वर केली, शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या नव्या साहेबांकडे बघितलं, मग काकांकडे.

"काय काका, परत चुकलात? तुमचं घर दोन दारं सोडून."

आत हशा झाला. "पुढचं..." काका म्हणाले.

"पुढचं काय?"

"तो म्हणाला होता, हलतंय."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. आमच्या स्वाराने काय सांगितलं हे या निळ्या शर्टाला कसं माहीत, असा तो प्रश्न होता, आणि चष्मेवाल्याने तो तत्परतेने पुसून टाकला. "आकडे बघितलेत आम्ही, काका. सगळं ठीक आहे. झोप काढा जरा, तुमच्याकडे सोय आहे म्हणे." पुन्हा हशा. काकाही हसले. माणूस हसण्यात सामील झाला की त्याला पुढचं वाक्य बोलता येत नाही. ते वाक्य तोंडातच वितळून गेलं आणि काका हसऱ्या तोंडाने बाहेर आले. पहिली फेरी संपवून लाल गाडी समोरून गेली. सावकाश. ठीक दिसत होती. ठीक दिसण्यासारखं फसवं दुसरं काही नसतं.

पाटी गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती. आज सकाळपासून तिला कुणी हात लावला नव्हता. भाचा म्हणे, त्याला ती दिसतच नाही. काका तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांना एकदम गोगलगाय होण्याआधीचा, सतरा वर्षांचा एक बारीक मुलगा दिसला, छोट्या गटातल्या छोट्या गाडीवर. इंधनाच्या टाकीचं झाकण उघडंच राहून गेलं होतं, काकांकडूनच, आणि त्याला परत बोलवायचं होतं, आणि घाईत काकांनी पाटीवर सातची पट्टी उलटी लावली. का सात, तेव्हाही कळलं नाही. मुलगा मुकाट्याने आत आला. कसं कळलं तुला, काकांनी विचारलं. तो म्हणाला, "सात उलटा म्हणजे काकांचं डोकं ठिकाणावर नाही. म्हणजे काहीतरी झालंय." त्या दिवसापासून ती त्यांची खूण झाली. उलटा सात, म्हणजे काही विचारू नकोस, आत ये. सगळ्या वर्षांत तीनदाच लागली. ती कुठल्या वहीत नव्हती, चष्मेवाल्यालाही माहीत नव्हती, बायकोलाही नाही. बावीस वर्षांत काकांची स्वतःची म्हणावी अशी ती एकच मालमत्ता होती.

काकांनी पेटीतून सात काढला. पट्टी हातात किती हलकी होती. दारात खर्चवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या टॅबवर यादी असणार, आणि घड्याळात दोनला सात मिनिटं कमी होती. काका त्यांच्या शेजारून गेले. "आपली गाडी आत आहे ना?" बाईंनी विचारलं. "हो," काका म्हणाले, "आहे." पिट लेन ओलांडून ते भिंतीवर चढले. हवा स्थिर होती. दूरवरच्या कुंपणापलीकडे शहरातल्या इमारती उन्हात विरघळल्यासारख्या दिसत होत्या, त्यांच्यातल्या एका इमारतीत बायको कपडे वाळत घालत असेल, आणि मधल्या पट्ट्यात एवढी शांतता होती, की काकांना क्षणभर वाटलं, आपण अजून गादीवरच आहोत. असलो तर बरंच. स्वप्नात सही केलेले कागद लागू होत नाहीत.

मग आवाज आला. तिसरी फेरी संपत होती आणि आता तो सावकाश नव्हता. सरळ रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला एक लाल ठिपका थरथरला. काकांनी पाटी भिंतीबाहेर धरली, निळ्या कंपनीची पाटी, वर झोपलेला ढग, मध्ये एकटा उलटा सात. निळ्या पाट्या वाचायची त्याला आता गरज नव्हती. कुणीही दुसऱ्याच्या दारावरची पाटी वाचत नाही. दीड सेकंद. ठिपक्याचा माणूस झाला, माणसाचं वारं झालं, वारं काकांचा शर्ट ओढून पुढे गेलं. हेल्मेट वळलं नव्हतं. काका पाटी धरून तसेच उभे राहिले, कारण खाली घेतली असती तर काय घडलं ते पक्कं झालं असतं. पहिल्या वळणापर्यंत किती, साधारण पाच सेकंद. त्यांनी मोजले नाहीत. तिसऱ्या की चौथ्याला, जिथे ब्रेक धरायचा, त्याच्या कितीतरी आधी, लाल गाडीवरचा माणूस सरळ उठून बसला, जसं कुणी खुर्चीत उठून बसावं, आणि त्याचा डावा पाय बाजूला निघाला, सावकाश जातोय अशी मागच्यांना खूण. वेग आपोआप मरू दिला. ब्रेक धरलाच नाही.

पूर्ण एक फेरी तो रमतगमत आला. तोवर काका भिंतीवरून उतरून पिट लेनच्या अलीकडे येऊन उभे होते, आणि हातात कधी मागचा स्टँड आला ते त्यांना कळलं नाही. चाळीस पावलं आधी इंजिन बंद झालं. गाडी घरंगळत आली, निळ्या गॅरेजसमोर आली, काकांचा डावा हात शेपटाच्या उंचीवर जाऊन थांबला. गोगलगायने काकांकडे बघितलं. काचेआडून एकदाच मान हलवली आणि तो न थांबता पुढे गेला, एक दार, दोन दारं, आणि लाल गॅरेजसमोर, जिथे थांबायला हवं, तिथे बरोबर थांबला.

पलीकडे गलका झाला. का आलास, काय झालं, आकडे ठीक आहेत. त्याचं बोलणं ऐकू आलं नाही. मग गलका बसला आणि त्या शांततेत काकांच्या कानांनी पान्याचा आवाज वेचला. ठरलेला जोर पुरा झाला की टक करणारा तो पाना. आधीच घट्ट असलेला बोल्ट लगेच बोलतो. टक. दुसरा, टक. तिसरा, टक. चौथ्याला पाना फिरला. आणखी फिरला. तो तसाच फिरत राहिला, एक वळसा, त्याहून जास्त, आणि मग कितीतरी वेळाने, टक. त्यानंतर तिथे कुणी हसलं नाही.

"ती पाटी कुणासाठी होती?" खर्चवाल्या बाई शेजारी येऊन उभ्या होत्या.

"त्याच्यासाठी."

"तो आपला नाही."

"नाही," काका म्हणाले. "आत्ता कळलं. थांबला नाही ना."

बाईंनी टॅब वर केला, खाली केला. "काय लिहिलं होतं तिच्यावर?"

"सात. उलटा."

"त्याचा अर्थ?"

काकांनी विचार केला. "त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत ना, मी नसेन तर काय होईल. ते आज पलीकडे झालं असतं."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच, आणि त्यांच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "कागदावर सही आहे तुमची. मला यादी पुन्हा करावी लागेल, राहणाऱ्यांतलं तुमचं नाव काढून. म्हणजे तुमच्यामुळे एकजण वाचेल."

"कोण?"

"ते सांगता येत नाही."

"बरं आहे," काका म्हणाले. त्यांनी स्टँड जागेवर ठेवला, सातची पट्टी पुसून शर्टाच्या खिशात घातली, आणि ते मागच्या खोलीत गेले. या वेळी ते गादीच्या मधोमध आडवे झाले. यादी लागल्याचा आवाज आला, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी ड्रायव्हरचं अभिनंदन केलं. बायकोचा फोन वाजत राहिला. काकांना तो फार लांबच्या ट्रॅकवरून आल्यासारखा ऐकू आला, आणि मग तोही आला नाही.

फोटोवाला जेवून परतला तेव्हा त्याचा विश्वास बसेना. टायरांच्या चळतींमध्ये, नाड्या सुटलेल्या बुटांसह, एक निळा माणूस तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. त्याचा डावा हात तेवढा हवेत होता, अर्धा मिटलेला, कशाच्या तरी उंचीवर. फोटोवाल्याने चांगले वीस फोटो काढले. कंपनीला ते फार आवडले. फक्त हात खाली घेता येईल का, असं त्यांनी विचारलं.